रेकॉर्डिंग डिलीट करू नका, अॅनिमेशनच्या पोरांना द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय ह्याची कल्पना आहे, मधलं काय पण कापा, पण शेवटची विनंती तेवढी छापा, कारण ती थेट तुमच्या बातमीदारांना आहे, त्यांच्या फोनमधल्या रेकॉर्डिंगबद्दल.

मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत व्हिडिओ एडिटिंगचं काम करतो. सीझन असला की लग्नं, नसला की वाढदिवस आणि वास्तुशांत, आणि निवडणूक लागली की उमेदवारांचे रील, ते वेगळंच दुखणं आहे. संध्याकाळी एका अॅनिमेशन क्लासला पोरांना साउंड आणि एडिटिंग शिकवायला जातो. सध्या पोरांचं सबमिशन जवळ आलंय. काम असं की कुणाच्यातरी बोलण्याचा वीस-तीस सेकंदांचा तुकडा घ्यायचा आणि त्या बोलण्यावर एक कॅरेक्टर उभं करायचं, त्याचं तोंड हललं पाहिजे, हात हलले पाहिजेत, मान वळली पाहिजे, आणि बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे चित्रच बोलायलंय. ऐकायला सोप्पं आहे. पण सिनेमाच्या हिशोबानं सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चौकटी, एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे वीस सेकंदांची २४० चित्रं झाली, आणि ती सगळी एका पोरानं नाहीतर पोरीनं जेवणखाण विसरून काढायची असतात. एवढी मरमर ज्या आवाजासाठी करायची तो आवाज निवडायला मात्र पोरं दहा मिनिटं पण देत नाहीत. वर दरवर्षी एकच प्रश्न, "सर, इन्स्पिरेशन कुठनं घ्यायचं?"

आणि घेऊन काय येतात सांगू? गाजलेल्या हिंदी पिक्चरचे डायलॉग. नाहीतर कुठल्यातरी मोटिव्हेशनल स्पीकरचं 'उठा, स्वप्नं बघा'. आणि हल्ली नवीन म्हणजे कॉम्प्युटरनं तयार केलेला आवाज, टाइप केलं की बोलतोय. ह्या तिन्हीवर माझा राग आहे आणि त्याला कारण आहे.

पिक्चरचा डायलॉग घेतला की तो एका मोठ्या नटानं आधीच करून ठेवलेला असतोय. त्याची भुवई कधी वर जाते, मान कुठं वळते, हे सगळं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पोरगं कितीही हुशार असू दे, शेवटी त्या नटाचीच नक्कल काढणार, त्याच्या डोक्यावर फक्त शिंगं लावणार नाहीतर शेपूट लावणार. वर त्या डायलॉगच्या मागं म्युझिक असतंय, ते स्वच्छ निघेलच असं नाही, आणि उद्या काम चांगलं झालं म्हणून कुठल्या फेस्टिव्हलला पाठवायचं म्हटलं की हक्कांची भानगड आडवी येतीय. मोटिव्हेशनल भाषणात तर माणूस बोलतच नसतोय, पाठ केलेलं म्हणत असतोय. आणि कॉम्प्युटरच्या आवाजाचं म्हणाल तर त्याला घसाच नाही. तो आपणहून आवंढा गिळत नाही, अडखळत नाही, बोलता बोलता विषय विसरत नाही. मग चित्र कशाचं काढायचं? नुसत्या ओठांचं?

अॅनिमेशनवाल्याला जे लागतंय ते शब्दांच्या मधल्या फटीत असतंय. कोल्हापुरातला कुठलाही माणूस बोलायला लागला की बघा, "म्हंजे कसं झालं..." असं म्हणून तो थांबणार, इकडंतिकडं बघणार, मग एकदम सुरू होणार. ते 'कसं झालं' नंतरचं थांबणं म्हणजे सोनं आहे. त्या थांबण्यात त्याचे डोळे कुठं गेले, हात खिशात गेला का कमरेवर गेला, हे ठरवणं म्हणजेच अॅनिमेशन. मी पोरांना आधी आवाज कागदावर उतरवायला लावतो, आणि उतरवायचा म्हणजे व्याकरण सुधारून नाही तर 'अं', 'हां', 'न्हवं का', खोकला, मधेच घेतलेला श्वास, सगळं जसंच्या तसं. मग त्याच्यात जोर कुठल्या अक्षरावर आहे तिथं लाल खूण. एवढं नीट केलं की अर्धी चित्रं आपोआप सुचतात, इन्स्पिरेशनसाठी तासन्‌तास मोबाईल घासत बसायला लागत नाही.

आता आवाज आणायचे कुठनं, तर आपल्या गावात ह्याची टंचाई आहे म्हणणाऱ्याला हात जोडले. कुस्तीचं मैदान घ्या. निवेदक माईकवर असतोय, हलगी वाजत असतीय, आणि जोड नुसती खडाखडी (हाताला हात लावून अंदाज घेणं) करत असेल तोवर निवेदक निवांत असतोय, पैलवानाचं गाव सांगणार, वस्तादाचं नाव सांगणार, कुणी किती इनाम लावलंय ते सांगणार, लांब लांब वाक्यं. मग एकानं पट काढला, कब्जा घेतला, घिस्सा डाव टाकला, की वाक्यं तुटायला लागतात. घिस्सा... घिस्सा बसतोय... सुटला... आणि डाव पडला की शब्द संपतात, नुसता 'आ' राहतोय आणि त्याच्यावर पब्लिकचा गलका. आता हे ज्याला ऐकू आलं त्याला टायमिंग वेगळं शिकवायची गरज आहे का? हळू, हळू, हळू आणि एकदम फटका. पुस्तकात ह्याच गोष्टीवर पानंच्या पानं खर्ची घातलीयत. आणि गंमत म्हणजे ह्याच्यावर चित्र काढताना कुस्ती काढायलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? तीच कॉमेंट्री एका स्वयंपाकघरात दोन मुंग्या साखरेच्या दाण्याला झोंबायलेत त्याच्यावर लावा की.

मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालतात तिथं उभं राहा. सकाळी कपिलतीर्थ मार्केटात भाजीवाल्या मावशी गिऱ्हाइकाला कशा टोमणे मारतात ते ऐका. केएमटीचा, म्हणजे आपल्या सिटी बसचा, कंडक्टर 'पुढं सरका, पुढं सरका, आत जागा हाय' म्हणतोय तेव्हा आत खरंच जागा असती का नसती हे त्याच्या आवाजावरनं कळतंय. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर रात्री म्हशीची धार काढता काढता ज्या गप्पा चालतात त्या ऐका. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुराच्या आठवणी तर खालच्या गल्ल्यांत प्रत्येक घरात आहेत, आणि प्रत्येकाची सांगायची तऱ्हा वेगळी, कुणी पाणी कुठवर आलं ते भिंतीवर हात लावून सांगणार, कुणी नुसतं म्हशींचंच सांगणार.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ह्या पत्राचं खरं कारण तेच आहे. आमच्या क्लासमधली एक पोरगी, नाव देत नाही, सुभाषनगरात चप्पल करणाऱ्या एका मामांकडं गेली. फोन त्यांच्या बाजूला एका डब्यावर ठेवला आणि त्यांना म्हटली, मामा तुम्ही काम करत करत बोला. हे तिनं लई शहाणपणाचं केलं. कारण माणसाला समोर बसवून 'बोला' म्हटलं की तो भाषण करतोय, आणि हातात काम असलं की खरं बोलतोय. मामा वादी ओवत होते. तुमच्या वाचकांना माहीतच असेल, आपल्या अस्सल चपलेला खिळा नसतोय, चामड्याच्या वादीनंच शिवलेली असती. ती वादी मधेच दातात धरायला लागते. तर मामांचं बोलणं असं आहे:

"खिळा एक सुदीक न्हाई बघ हिच्यात... (वादी दातात) ...अगळं आदीवर... (वादी सुटली) ...सगळं वादीवर म्हंतो. आता नवी असताना चावती जरा. (ठक, ठक) चावू दे की. (ठक) माणूस तरी काय, नवीन असताना चावतंयच."

बास, एवढंच. सव्वीस-सत्तावीस सेकंदांचा तुकडा. वादी दातात असताना ओठ आणि जीभ नीट चालत नाहीत म्हणून 'सगळं' चं 'अगळं' झालंय आणि 'वादीवर' चं 'आदीवर'. कुठल्या स्टुडिओत कुठला नट हे करून दाखवेल? आणि 'चावू दे की' नंतर हातोडीचा एक ठोका आणि त्याच्यापुढं जवळजवळ सेकंदभर कुणीच बोलत नाही. त्या २४ फ्रेममध्ये सगळी फिल्म आहे.

पोरीनं काय केलं तर मामांचं चित्रच काढलं नाही. चपलेचा एक नवाकोरा जोड काढला. डावी चप्पल बोलतीय, उजवी नुसती ऐकतीय, मान डोलावल्यासारखा अंगठा हलवतीय. वादी दातात असल्याच्या वेळी डाव्या चपलेचा कान (बाजूची चामड्याची पट्टी) मुडपलेला दाखवला. समोरनं एक पाय येतोय, शहरातला, मऊ, बुटात राहून पांढरा पडलेला. 'चावू दे की' ला पाय थांबला. ती जी सेकंदभराची शांतता आहे तिच्यात पायाचं करंगळीचं बोट हळूच मागं सरकतंय, बाकी काही नाही. मग 'माणूस तरी काय' ला उजव्या चपलेनं डावीकडं बघितलं. अहो, क्लासमधली सगळी पोरं हसली, आणि मी पण हसलो आणि मी सहसा हसत नाही, सबमिशनच्या दिवसांत तर अजिबात नाही.

ही पोरगी ते काम एका ठिकाणी पोर्टफोलिओ म्हणून दाखवायला घेऊन गेली. कुठं ते सांगत नाही, सांगून उपयोग पण नाही. तिथं तिला सांगितलं की काम स्वच्छ आहे पण भाषा फारच लोकल आहे, बाहेरच्याला कळणार नाही, त्यापेक्षा एखादी इंग्लिश क्लिप घे नाहीतर न्यूट्रल हिंदी घे आणि परत कर. परत कर म्हणजे साहेब ३०० च्या वर चित्रं परत काढ. आणि न्यूट्रल हिंदीत ते मामा काय बोलणार होते?

मला राग त्याचा नाही की काम नाकारलं. नाकारायचा त्यांना अधिकार आहे. राग ह्याचा आहे की कारण उलटं दिलं. कारण खऱ्या माणसांच्या बोलण्यावर केलेलं जगातलं जे लई नावाजलेलं काम आहे ते ह्याच पद्धतीनं झालंय. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला आर्डमन म्हणून मातीच्या बाहुल्यांचं अॅनिमेशन करणारा स्टुडिओ आहे. तिथल्या निक पार्कनं १९८९ साली 'क्रीचर कम्फर्ट्स' ही पाचेक मिनिटांची फिल्म केली. आधी साध्यासुध्या माणसांना त्यांच्या राहत्या जागेबद्दल, सोयी-गैरसोयींबद्दल प्रश्न विचारून ते रेकॉर्ड केलं, म्हाताऱ्या माणसांना, वसाहतीत राहणाऱ्यांना, शिकायला आलेल्या एका ब्राझीलच्या पोराला. आणि मग ते सगळे आवाज प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांच्या तोंडी घातले. ब्राझीलचा पोरगा थंडीबद्दल आणि जागेच्या अडचणीबद्दल कुरकुर करतोय, त्याच्या इंग्लिशला त्याच्या गावाचा वास आहे, आणि बोलायलाय कोण तर पिंजऱ्यातला एक प्युमा. कुणी म्हटलं नाही की बाबा तुझं इंग्लिश न्यूट्रल नाही, परत कर. त्या फिल्मला १९९१ च्या समारंभात ऑस्कर मिळालं. त्याच्याही तीस वर्षं आधी, १९५९ साली, अमेरिकेत जॉन आणि फेथ हबली ह्या नवराबायकोनं आपल्याच दोन लहान पोरांचं खेळातलं बोलणं रेकॉर्ड करून त्याच्यावर 'मूनबर्ड' केली, तिला पण ऑस्कर. म्हणजे एक घरातला आवाज, दुसरा गल्लीतला आवाज. आपल्याकडं दोन्ही फुकट आहेत.

आणि हे कोल्हापुरात कुणी कुणाला सांगायला लागावं ह्याचीच मला मौज वाटते. मराठी सिनेमा बोलायला लागला तोच मुळी ह्या गावात. प्रभात कंपनी १९२९ ला इथं सुरू झाली, आणि १९३२ ला 'अयोध्येचा राजा' आला, मराठीतला पहिला बोलपट, तो इथंच तयार झाला, कंपनी पुण्याला जायच्या आधी. त्याचं ध्वनिमुद्रण विष्णुपंत दामल्यांनी केलं. तेव्हा कॅमेऱ्यासमोर नट जे बोलला, जे गायला, तेच पडद्यावर. आणि त्याच्या आधी बाबूराव पेंटरांनी मुक्या जमान्यात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरा स्वतः तयार केला, नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस तो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज शेकडो पोरं त्याच्या बाजूनं गाडी पळवतात, त्यातली निम्मी क्लासला येऊन मला विचारतात इन्स्पिरेशन कुठाय. (स्तंभाला वळसा घालून येताना हॉर्न जरा कमी वाजवा, हे जाता जाता.)

अजून एक तांत्रिक गोष्ट आहे जी मला लई दिवस सांगायचीय. लिपसिंक, म्हणजे आवाजाप्रमाणं ओठ हलवणं, शिकताना पोरं नेटवरनं तोंडाच्या आकारांचा तक्ता उतरवून घेतात, इंग्लिशचा. ए ला असं तोंड, ओ ला असं तोंड, एफ ला वरचे दात खालच्या ओठावर, आणि टीएच ला जीभ दातांच्या मधनं बाहेर. मराठी बोलणारं कॅरेक्टर 'थांब' म्हणताना जीभ बाहेर काढतंय असं मी डोळ्यांनी बघितलंय. अहो, आपला 'थ' दातांच्या मागं अडतोय. आणि तक्ता पाहिजेच असेल तर तो आपण पहिलीत पाठ केलेला आहे की. आपली वर्णमाला तोंडातल्या जागेप्रमाणंच लावलेली आहे, कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. प फ ब भ म ला ओठ मिटणार म्हणजे मिटणार, त्या पाचांना एकच चित्र चालतंय, आणि ते मिटणं चुकलं तर बघणाऱ्याला लगेच खटकतंय. 'क ख ग घ' आत घशाकडं होतात, बाहेर ओठांवर काही दिसत नाही, तिथं चित्र बदलायची घाई करू नका, पुढचा स्वर बघा. 'ट' आणि 'ळ' ला जीभ वर वळती ती पण बाहेरनं दिसत नाही, नुसता जबडा जरा खाली येतोय. 'उ' 'ओ' ला ओठांचा चंबू, 'ई' ला ताणलेले, 'आ' ला मोकळं. आणि कोल्हापुरी बोलण्यात 'आ' किती आहेत मोजा, करायलाय, जायलाय, खायलाय, बसायलाय, म्हणजे आपल्या कॅरेक्टरचा जबडा पुण्याच्या कॅरेक्टरपेक्षा जास्त चालणार. पुणेकरांनी रागावू नये.

तरी पण ओठांच्या नादात लई लागू नका असं मी पोरांना सांगतो. प्रत्येक अक्षराला तोंड बदललं की कॅरेक्टर बोलतंय असं वाटत नाही, चघळतंय असं वाटतंय. जोराची अक्षरं धरा, ओठ मिटणारी धरा, मधलं ओघात जाऊ दे. तोंड आवाजाच्या एखाद-दोन फ्रेम आधी उघडलं तर बरोबर दिसतंय, मागं राहिलं तर डब केलेल्या पिक्चरसारखं होतंय. आणि माणूस तोंडानं बोलायच्या आधी अंगानं बोलतोय. 'नाही' म्हणायच्या आधी मान हललेली असती. प्रोजेक्ट सुरू करताना २४ फ्रेम का २५ फ्रेम हे एकदा ठरवा, आपल्याकडं टीव्हीचा हिशोब २५ चा, आणि अर्ध्यात बदललं की सगळं सिंक सरकत जातंय आणि मग माझ्याकडं रडत येतात. सॉफ्टवेअरसाठी पैसे नाहीत हे कारण चालणार नाही, आवाज कापायला ऑडॅसिटी फुकट आहे, चित्राला क्रिटा, ओपनटूंझ आणि ब्लेंडर फुकट आहेत.

आणि दुसरी एक खोड म्हणजे जे बोललं तेच काढायचं. आवाजात 'घर' आलं की घर काढलं, 'पाऊस' आला की पाऊस काढला. अरे मग आवाज कशाला लागतोय, चित्रंच दाखव की. मामा चपलेबद्दल बोलत होते आणि पोरीनं चप्पलच काढली हे खरं, पण तिनं ती बोलणाऱ्याच्या जागी बसवली, आणि ऐकणारा पाय आणला जो आवाजात कुठंच नाही. सगळा विचार तिथं आहे. आवाज एक सांगतोय, चित्रानं त्याच्या शेजारची दुसरी गोष्ट सांगायची, आणि दोन्ही मिळून बघणाऱ्याच्या डोक्यात तिसरी तयार झाली पाहिजे. कुणी पुराबद्दल बोलत असेल तर पाणी दाखवू नका, ज्या माळ्यावर तो बसून राहिला होता त्या माळ्यावरची मांजर दाखवा.

परवानगीचं मात्र मी कडक बघतो. माणसाला न सांगता रेकॉर्ड केलेलं क्लासमध्ये चालत नाही, कितीही भारी असू दे. आधी विचारायचं, कशासाठी आहे ते सांगायचं, फिल्म झाली की पहिल्यांदा त्यालाच दाखवायची. मामांनी ती फिल्म मोबाईलवर बघितली आणि म्हटले, टाच बरोबर काढली न्हाईस. पोरीनं टाच दुरुस्त केली.

आता विनंती. तुमचे बातमीदार रोज गावात, गावाबाहेर फिरतात. शेतकऱ्याशी बोलतात, वस्तादाशी बोलतात, शाहिराशी, बचत गटाच्या बायकांशी, फुटबॉलच्या पोरांशी बोलतात, आणि हल्ली सगळं फोनवर रेकॉर्ड करतात. मग ऑफिसला येऊन ते ऐकून बातमी टाइप करतात. वीस मिनिटं बोललेल्या माणसाच्या चार ओळी छापून येतात, ते ठीक आहे, पेपरला जागा तेवढीच. पण त्या चार ओळी पण स्वच्छ धुवून, प्रमाण भाषेत. आणि रेकॉर्डिंग? फोन भरला की डिलीट. माझ्या ओळखीचा एक बातमीदार आहे, त्यानंच सांगितलं, महिन्याला फोन रिकामा करावा लागतोय म्हणून. साहेब, ज्याला तुम्ही कचरा म्हणून टाकून देताय त्याच्यासाठी आमची पोरं गावभर हिंडायलेत.

एवढंच करा. बोलणाऱ्याला शेवटी एकच प्रश्न जादा विचारायला सांगा, 'तुमचा आवाज विद्यार्थ्यांना चित्र काढायला दिला तर चालेल का?' हो म्हटला तर त्यातला अर्धा मिनिट बाजूला काढून ठेवा. नाही म्हटला तर विषय संपला. ऑफ द रेकॉर्ड बोललेलं नको, पुढाऱ्यांचं नको (ते आमच्याकडं रीलमध्ये भरपूर आहे), आणि अपघात, मयत, कोर्टकचेरी ह्यातलं तर अजिबात नको, कुणाच्या दुःखावर पोरांनी प्रॅक्टिस करू नये. रोजच्या कामाधंद्याचं बोलणं पाहिजे. शक्य असेल तर फोन वीतभर अंतरावर, पंखा बंद, विमान मोड चालू, म्हणजे मधेच रिंग येणार नाही. आणि मुलाखत संपली म्हणून लगेच बंद करू नका, दहा सेकंद तसंच चालू ठेवा. एक तर त्या जागेचा मोकळा आवाज मिळतोय, जो आम्हाला एडिटिंगला लागतोय, आणि दुसरं म्हणजे फोन बंद झाला असं वाटलं की माणूस 'खरं सांगू का' म्हणून सुरू होतोय, ते वापरायचं असेल तर परत एकदा विचारून घ्यायचं.

गावातल्या ज्या ज्या कॉलेजांत, क्लासेसमध्ये हे विषय शिकवतात त्यांना ते आवाज मिळावेत, एकट्या आमच्या क्लासला नको. नावं छापायची गरज नाही, 'चप्पल कारागीर, सुभाषनगर' एवढं लिहिलं तरी बास. पोरांनी केलेली फिल्म तुमच्या पेपरच्या वेबसाइटवर टाका, म्हणजे कोल्हापूरचा आवाज बाहेरच्याला कळतोय का नाही हे बाहेरच्यालाच ठरवू दे.

हार्ड डिस्क माझ्याकडं आहे, ती घेऊन मी ऑफिसला यायला तयार आहे. फक्त दुपारी तीननंतर बोलवा, सकाळी लग्नं असतात.

आपला एक वाचक,
लक्ष्मीपुरी, कोल्हापूर